आगेरा कुणाच्या घरी

त्या वर्षीचा आगेरा माझ्या धाकट्या जावेच्या घरी व्हायचा होता, आणि तो मी माझ्या घरी ओढून आणला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लिहिताना स्वतःची बाजू सावरायचा मोह होणार नाही. जावेला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, लिही, पण नावं घालू नकोस. तेव्हा नावं नाहीत.

आगेरा म्हणजे काय, हे आमच्याबाहेरच्या लोकांना फारसं ठाऊक नसतं. आम्ही उत्तनच्या बाजूचे ख्रिस्ती. शेतात भात पिवळं झालं की ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी लोंब्या कापून वाजतगाजत चर्चमध्ये न्यायच्या, फादर त्यांना आशीर्वाद देणार, आणि मग घरोघरी नव्या तांदळाचं जेवण. पीक दिलंस, देवा, तुझे आभार, एवढाच त्याचा अर्थ. लोंब्यांना आशीर्वाद मिळेपर्यंत नव्या तांदळाचा दाणाही तोंडात घालायचा नाही, असा माझ्या सासूचा दंडक होता. माझी नात मेलबर्नमध्येच जन्मली-वाढली. तिला हे समजावून सांगितलं तर म्हणाली, "सो इट्स बेसिकली थँक्सगिव्हिंग, नॅना." टीव्हीवर अमेरिकन लोकांचं बघितलेलं. मी म्हटलं, असेल बाई, फक्त आमच्यात तो मोठा पक्षी नसतो, डुकराचं असतं.

इथे आल्यावर शेत कुठलं आणि लोंब्या कुठल्या. ऑक्टोबरात तर इथे थंडी नुकती सरत असते. पण माझे मिस्टर आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांनी ठरवलं की सण सोडायचा नाही. एक वर्ष आमच्या घरी, एक वर्ष त्यांच्या. ज्याचं वर्ष, त्या घरच्या पुरुषाने प्रार्थना सांगायची आणि नव्या तांदळाच्या खिरीचा पहिला चमचा प्रत्येकाच्या तळहातावर वाढायचा. लहान असो, मोठा असो, हात पुढे करायचा आणि चाटून खायचं. तांदूळ मिळायचा व्हिएतनामी दुकानात. गोणीवर 'न्यू क्रॉप' छापलेलं असतं, ते बघून आणायची. आणि लोंब्या माझा दीर पिकवायचा, मुलांना आंघोळ घालायच्या जुन्या प्लास्टिकच्या टबात. मेलबर्नच्या उन्हाळ्यात दहा-बारा लोंब्या व्हायच्या, त्यातल्या निम्म्या पोकळ. पण तो त्या वाळवून ऑक्टोबरपर्यंत अशा जपायचा की जणू दहा एकर शेत आहे.

माझे मिस्टर गेले त्यानंतर आमच्या वर्षाला माझा मुलगा चमचा धरायला लागला. पहिल्यांदा धरला तेव्हा दिराने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला प्रार्थना सांगितली होती, एक एक ओळ.

तर ते लॉकडाऊनचं पहिलं वर्ष. आम्ही राहतो ट्रुगानिनाला, शहराच्या पश्चिमेला, आणि दीर-जाऊ डँडेनाँगच्या बाजूला, पार पूर्वेच्या टोकाला. मधे पूल, फ्रीवे, तासाभराचा रस्ता. आधी घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा नियम होता, मग पंचवीसचा झाला. दोन्हींत जावेचं घर काही बसत नव्हतं. ऑक्टोबरातला पहिला रविवार आला आणि गेला. आम्ही व्हिडिओवर एकमेकांची तोंडं पाहिली, प्रार्थना म्हटली, आणि ठरलं की रस्ते उघडले की खरा आगेरा करायचा. तोवर कुणी नव्या तांदळाची गोणी फोडायची नाही.

दिराने त्या दिवशी माझ्या सुनेला विचारलं, "शिफ्ट कधी संपते गं तुझी?" ती म्हणाली, आज सुट्टी आहे, काका. थोड्या वेळाने त्याने परत तेच विचारलं. ती परत तेच म्हणाली. कॉल बंद झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. ती एज्ड केअरमध्ये काम करते, म्हाताऱ्या माणसांच्या निवासात. त्या दिवसांत ती घरी येऊन गॅरेजमध्ये कपडे बदलायची आणि आंघोळ केल्याशिवाय कुणाला हात लावायची नाही.

"मम्मी, काकांचं काहीतरी वेगळं वाटतंय."

"कान गेलेत त्याचे," मी म्हटलं. "आणि तू बोलतेस ते पण पुटपुटत."

"मी नाही पुटपुटत."

"मग इंटरनेट पुटपुटत असेल."

ती हसली आणि उठून गेली. तिने परत विषय काढला नाही. माझ्यापुढे दोनदा विषय काढायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही, हे मला आता कळतंय.

नोव्हेंबरात अंतराचा नियम गेला. रोज सकाळी बातम्यांत आकडा यायचा, शून्य. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य. लोक रस्त्यात एकमेकांना मास्कमधून हसायचे. पण घरी पाहुणे बोलवायला अजून मर्यादा होती. दिवसाला दोनच मोठी माणसं, बरोबर त्यांची मुलं असली तर ती. मुलाने जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडला.

"बघ मम्मी. त्यांच्याकडे गेलो तर आपल्यातली दोनच मोठी आणि ही पोरगी. म्हणजे मी तरी घरी राहणार नाहीतर ही राहणार. ते दोघं इकडे आले तर सगळे एका टेबलाला. सहा माणसं. सिंपल आहे."

"पण वर्ष त्यांचं आहे," सून म्हणाली.

"वर्षाचं काय, कोविड आहे. कोण मनाला लावून घेणार?"

मलाही ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा आवडलं. आठ महिने घरात कोंडून घेतलं होतं, कुणासाठी मोठं पातेलं चढवलं नव्हतं. माझे हात शिवशिवत होते. मी जावेला फोन लावला.

"अगं, आगेऱ्याचं ठरवलं. पुढच्या रविवारी आमच्याकडे या."

ती मला बाय म्हणते, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. "हे वर्ष माझं आहे, बाय."

"माहिती आहे मला. पण नियम असा आहे, आम्ही तिघं मोठी, एकाला मागे ठेवावं लागेल."

"मग तू आणि पोरगी या. मी सगळं साधंच करणार आहे. इंद्याल, फुगे आणि खीर."

"आणि माझ्या मुलाने घरी बसून ब्रेड खायचा?"

 मी तिच्या लग्नापासून तिला ओळखते. वीस वर्षांची असताना माझ्या हाताखाली आली. फुगे म्हणजे आमचा तळलेला गोल पाव; त्याचं पीठ किती आंबवायचं, मुठीतून तेलात कसं सोडायचं, मीच शिकवलं. आणि अजूनही प्रत्येक वेळी तिला सांगते की तुझे फुगे बसतात. तिला उलट बोलायची सवय नाही. म्हणूनच त्या दिवशी ती अडून बसली तेव्हा मला नवल वाटलं, आणि नवलापेक्षा जास्त राग आला.

"यांना आता लांबचा प्रवास नको वाटतो," ती म्हणाली.

"चालत यायचंय का त्याला? गाडी तूच चालवतेस ना."

"तसं नाही, बाय. घरात बरं वाटतं यांना."

"आठ महिने सगळे घरातच होतो. मला तर घराच्या बाहेर काढा असं झालंय."

"या वर्षी लोंब्या पण झाल्या नाहीत," ती म्हणाली. "रोपं यांनीच उपटून टाकली. गवत समजून."

आता बघा, एवढं तिने सांगितलं. जो माणूस आठवड्यातून दोनदा टबातलं पाणी बदलायचा, त्याने भाताची रोपं गवत समजून उपटली. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "मग लोंब्या नाहीत तर वर्ष तुझं काय नि माझं काय. आणि मानच मिरवायचा असेल तर पुढची दोन वर्षं तुझी घे."

फोनवर तिच्या स्वयंपाकघरातला नळ वाजत होता. मग ती म्हणाली, "नो वरीज, बाय. येतो आम्ही."

हे 'नो वरीज' ती इथे शिकली. तिला बोलणं संपवायचं असलं की तेवढं म्हणते.

रविवारी मी पहाटे उठले. पोर्कचं इंद्याल, आमचं ते आंबट-तिखट कालवण, आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं, ते मुरल्याशिवाय खाऊ नये. फुग्याचं पीठ दुपटं गुंडाळून हीटरजवळ ठेवलं होतं. नातीने टेबलाभोवती खुर्च्या लांब लांब मांडल्या, मधे एक एक हात जागा सोडून, जणू परीक्षाच आहे. मी आनंदात होते. ते लपवून काय करू. मला वाटत होतं, सगळ्यांना मीच एकत्र आणलं.

ते बाराच्या सुमाराला आले. दीर सूट घालून आला होता, टाय लावून. नेहमी आगेऱ्याला तो साधा सदरा घालायचा. मी म्हटलं, "काय रे, लग्नाला आलास का?" तो हसला. जाऊ हसली नाही. त्याने माझ्या मुलाकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, बारीक झालास." माझ्या मिस्टरांना तो दादा म्हणायचा. मुलगा बापासारखा दिसतो, सगळेच म्हणतात, म्हणून आम्ही सगळे हसलो. फक्त सून हसली नाही. ती जावेकडे बघत होती, आणि जाऊ खाली बघत होती.

मग तो परसात गेला. आमचं परस म्हणजे काय, सगळं काँक्रीट आणि कुंपणापाशी दोन हात हिरवळ. तो काचेच्या दारातून परत आला आणि मला म्हणाला, "वहिनी, भात कुठे लावलंय?"

"इथे कुठलं भात? तूच लावतोस ना तुझ्याकडे."

"हो, हो," तो म्हणाला, आणि खिशातून रुमाल काढून कपाळ पुसायला लागला.

आम्ही जेवायला बसलो. म्हणजे आधी उभं राहायचं, प्रार्थनेला. खिरीचं पातेलं माझ्या मुलासमोर होतं. त्याने चमचा उचलायला हात पुढे केला आणि त्याच वेळी दिरानेही केला. दोघांनी एकच चमचा धरला.

"काका, मी वाढतो," मुलगा म्हणाला.

"माझं वर्ष आहे," दीर म्हणाला.

"हो काका, पण घर आमचं आहे ना. घर ज्याचं त्याने वाढायचं."

"माझं वर्ष आहे," तो परत म्हणाला. आवाज चढवून नाही, शाळेतल्या मुलासारखं, पाठ करून आलेलं म्हणतात तसं. चमचा त्याने सोडला नव्हता.

टेबलावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरात मोठी मी. मी एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. जाऊ माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात काय होतं ते मला दिसत होतं, पण मला वाटलं, ती मानासाठी बघतेय. मी म्हटलं, "बस रे तू. आज पाहुणा आहेस. आयतं खा."

त्याने चमचा सोडला आणि बसला. मुलाने प्रार्थना सांगितली, खीर वाढली. दिराच्या तळहातावर वाढली तेव्हा त्याने हात तसाच धरून ठेवला, खाल्ली नाही. जावेने नॅपकिन घेऊन त्याचा हात पुसला. मग आम्ही जेवलो. मी भरपूर बोलले. फुगे कसे फुगलेत ते सांगितलं, उत्तनला या वर्षी मिरवणूक निघाली नाही ते सांगितलं. शांतता असली की मला बोलावंसं वाटतं, ती माझी खोड आहे.

जेवण निम्म्यावर आलं असताना दीर उठला. वाटलं, संडासला गेला असेल. दहा मिनिटं झाली. मग सून उठून बघायला गेली आणि लगेच परत आली. पुढचं दार उघडं होतं.

आमची वस्ती नवी आहे. सगळी घरं एकाच साच्यातली, दोन गाड्यांचं गॅरेज, करड्या विटा, एकसारखी दारं. मीसुद्धा पहिल्या वर्षी दोनदा चुकले होते. आम्ही सगळे बाहेर धावलो. चार घरं सोडून एका दारासमोर तो उभा होता आणि स्वतःच्या घराची किल्ली त्या कुलपात घालायचा प्रयत्न करत होता. मास्क नाही, सूट, टाय. आत खिडकीत एक पंजाबी मुलगी होती, काखेत बाळ घेऊन. ती घाबरली होती. आम्हाला बघून तिने खिडकी बोटभर उघडली.

"आंटी, ये अंकल आपके हैं?"

"हां बेटा, हमारे हैं," मी म्हटलं. "सॉरी बेटा."

"कोई बात नहीं. बोल रहे हैं दरवाज़ा खोलो, मेरी वाइफ अंदर है."

त्याची बायको माझ्या बाजूलाच उभी होती. ती पुढे गेली, त्याच्या हातातली किल्ली हळूच काढून घेतली आणि म्हणाली, "इकडून जाऊ या. मागचं दार उघडं आहे." आणि त्याचा हात धरून त्याला सरळ आपल्या गाडीकडे घेऊन गेली. त्याला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, खिशातून मास्क काढून त्याच्या कानांना अडकवला. किती सवयीचे हात होते ते. तेव्हा मला कळलं. म्हणजे नेमकं काय, ते नाही.

मी गाडीच्या मागे तिला गाठलं. "काय झालंय त्याला?"

"दीड वर्ष झालं, बाय," ती म्हणाली. "डॉक्टरने गेल्या वर्षीच सांगितलं. हळूहळू सगळं जाणार."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी उत्तनला कळलं असतं. सगळ्या ग्रुपवर प्रार्थना सुरू झाली असती. मग एक एक जण फोन करून यांना विचारणार, मला ओळखलंस का, मी कोण सांग बघू. मला नको होतं ते."

 खरं होतं ते. मी अगदी तसंच केलं असतं, आणि चांगलं करतेय असं समजून केलं असतं.

"घरात बरे असतात," ती म्हणाली. "आपल्या घरात सगळं सापडतं यांना. महिनाभर रोज सकाळी प्रार्थना म्हणून घेतली. हातात चमचा दिला. मी हात पुढे करायचे, हे वाढायचे. मी सांगायचे, या वर्षी तुमचं वर्ष आहे. मला एवढंच पाहिजे होतं, एकदा यांच्या हातून व्हावं. पुढच्या वेळी आपलं वर्ष येईल तेव्हा काय असेल कुणाला माहीत."

"सॉरी गं," मी म्हटलं. पंजाबी मुलीला म्हटलेलाच शब्द. दुसरा सुचला नाही.

"जेवायला जा तू. गार होईल सगळं," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

घरात आले तर टेबलावर अर्धी अर्धी ताटं. मुलगा डोकं धरून बसला होता. "मी द्यायला पाहिजे होता त्यांना," तो म्हणत होता, "काय बिघडलं असतं." मी त्याला म्हटलं, तुझी चूक नाही. खरंच नव्हती. त्याला कुणी नियम शिकवला? मीच. सुनेने मला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं वाटलं असतं.

पुढचे दिवस वाईट गेले. जाऊ फोन उचलेना. मेसेज केला की उत्तर यायचं, 'ठीक आहोत'. उत्तनहून माझ्या बहिणीचा फोन आला, आगेरा कसा झाला, सगळे आले का, फोटो का नाही टाकले. मी म्हटलं, झाला छान. ती म्हणाली, तुझा आवाज असा का? म्हटलं, इथे पोलनचा सीझन आहे, घसा बसलाय. बहिणीपासून मी आयुष्यात काही लपवलं नव्हतं.  दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. नवरा गेला तेव्हासुद्धा मी बोलून बोलून दिवस काढले होते. हे गप्प राहून काढायचे होते.

सुनेला मी विचारलं, अशा माणसांशी कसं वागायचं. ती शिफ्टवरून आली होती, चहा पीत होती.

"विचारायचं नाही ओळखलं का. चूक काढायची नाही. ते म्हणतील बाहेर पाऊस पडतोय, तर म्हणायचं, हो, पडतोय."

"पाऊस नसला तरी?"

"तरी. आणि मम्मी, थोडं कमी बोलायचं. एका वेळी एकच गोष्ट."

"ते मला जमणार नाही."

"प्रॅक्टिस करू," ती म्हणाली. आणि खरंच, ती संध्याकाळभर मला अडवत राहिली. मी एक वाक्य बोलून दुसरं सुरू केलं की ती बोट वर करायची. नात म्हणाली, "ओह माय गॉड, नॅना, यू लास्टेड फाइव्ह सेकंड्स."

आठवड्याने जावेने फोन उचलला. मी म्हटलं, "मी येऊ का? सून आणते मला गाडीने, आम्ही दोघीच. स्वयंपाक तुझा. मी काही आणणार नाही. मी काही बोलणार नाही."

"तू, आणि बोलणार नाहीस," ती म्हणाली.

"कुणालाही सांगितलं नाही मी. बहिणीला पण नाही."

 मग म्हणाली, "रविवारी या. पण आता मला यांच्याकडून काही पाठ करून घ्यायचं नाही. जमलं तर जमलं."

त्या घराचं दार दिरानेच उघडलं. "या, या," म्हणाला, "रस्त्यात ट्रॅफिक लागली का?" साधा सदरा घातला होता. माझं नाव, नातं काही घेतलं नाही, आणि मी विचारलं नाही. आत स्वयंपाकघरात प्रत्येक कपाटावर जावेच्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या: कप, चमचे, साखर, हे उघडू नये. मी त्या घरात पन्नास वेळा गेले असेन. आजवर मी येणार म्हटलं की ती त्या चिठ्ठ्या काढून ठेवत असणार; या वेळी काढल्या नव्हत्या. व्हिडिओवर बोलताना ती नेहमी कॅमेरा भिंतीकडे का धरायची, ते तेव्हा कळलं.

टेबलावर पातेलं मांडलं. आम्ही चौघं उभे राहिलो. आणि दिराने प्रार्थना सुरू केली. कुणी सांगावं लागलं नाही. आमच्या सासऱ्यांची ती लांबलचक प्रार्थना, पावसासाठी, बैलांसाठी, समुद्रावर गेलेल्या माणसांसाठी. माझा मुलगा ती अर्धी करून म्हणतो. दिराने एक शब्द गाळला नाही. शेवटी घरातल्या मेलेल्या माणसांसाठी म्हणतात, तिथे त्याने आई म्हटलं, बाबा म्हटलं, आणि दादा म्हटलं. म्हणजे दादा गेलाय हे त्याच्यात कुठेतरी होतं. मी तोंड गच्च मिटून घेतलं. जाऊ पातेल्याजवळ उभी होती, चमचा त्याच्या उजव्या हाताशी सरकवून.

आमेन म्हणून त्याने क्रूस केला. मग नॅपकिन उचलला, तोंड पुसलं, हात पुसले, खुर्ची मागे सरकवली आणि कोचावर जाऊन बसला. जेवण झाल्यावर बसतात तसा, पाय पसरून.

आम्ही तिघी उभ्याच. जाऊ चमचा घेऊन त्याच्याकडे गेली. "वाढायचं राहिलं ना," ती म्हणाली.

"वाढलं मी," तो म्हणाला. "सगळ्यांना वाढलं."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, नाही रे, अजून कुठे वाढलंस. सुनेचं बोट वर गेलं नाही, पण ती माझ्याकडे बघत होती. मी गप्प राहिले. जाऊ तिथे उभी होती, हातातला चमचा खाली करून. एक महिनाभर रोज सकाळी हात पुढे केलेली बाई. मग ती म्हणाली, "हो, वाढलंत. गोड झाली होती खीर."

"नारळ ताजा होता," तो म्हणाला.

परत येऊन तिने आम्हाला ताटात खीर वाढली, साधी, जेवणात वाढतात तशी. आम्ही जेवलो. त्याचं ताट तिने नंतर कोचावर नेऊन दिलं आणि तो पोटभर जेवला. फुगे बसले होते. मी काही बोलले नाही, चार खाल्ले.

घरी जाताना गाडीत सून म्हणाली, "मम्मी, त्या रविवारी त्यांच्याकडे केलं असतं तरी असंच झालं असतं कदाचित. या आजाराचं सांगता येत नाही." ती समजूत घालत होती. मी म्हटलं, कदाचित. पण ज्या माणसाने माझ्या घरात चमचा घट्ट धरून माझं वर्ष आहे म्हणून दोनदा सांगितलं, त्याला त्या दिवशी चमचा कशाला असतो हे माहीत होतं. हे मला कुणी विसरायला लावू शकणार नाही, आणि लावूही नये.

पण सांगताना मी पुढे पळाले. जेवण झाल्यावर सून दिराजवळ बसली होती, तो तिला शिफ्ट कधी संपते विचारत होता, ती प्रत्येक वेळी नव्याने सांगत होती. मी आणि जाऊ मोरीशी उभ्या, ती घासत होती, मी पुसत होते.  कपाटावर 'ताटं' लिहिलेलं होतं, तिथे मी ताटं ठेवली.

"पुढच्या वेळी सकाळी ये," ती म्हणाली. "नऊ-दहापर्यंत हे चांगले असतात. दुपारनंतर थकतात."

"पुढच्या आगेऱ्याला?"

"आगेऱ्याला कशाला? मंगळवारी ये. पार्लरं उघडलीत. मार्चपासून माझे केस कापलेले नाहीत, आणि यांना कुणाजवळ ठेवू?"

मी तिच्याकडे बघितलं. मानेवर पिन लावून कसेबसे वर बांधलेले, निम्मे पांढरे.

"ट्रेनने किती वाजता निघू?" मी विचारलं. तिने साबणाचा हात पुसला आणि फोनवर मला ट्रेन बघून दिली.